कानाचे यंत्र पेटीत ठेवू नका

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वलगाव लागते. या गावाजवळ, पेढी नदीपाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. नवसाला कोंबडे-बकरे कापू नका, पोरांना शिकवा, असे बाबा कीर्तनात सांगत. आंधळ्या-पांगळ्यांना व रोग्यांना औषधपाणी करावे, हे त्यांच्या दशसूत्रीतील एक सूत्र आहे. आजचा धडा त्याच सूत्राचा आहे.

काही मुलांना कमी ऐकू येते. काहींना कमी दिसते. थोड्या मुलांना दोन्ही कमी असते. अशा मुलाला कानाचे यंत्र मिळते, पण पुष्कळदा ते पेटीतच राहते. घरातली आजी म्हणते, “पोराले धड दिसत नाही, धड आयकू येत नाही. मंग यंत्र लावून काय फायदा?”

आजीचा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर नीट वाचा.

फायदा काय?

ज्याला फक्त ऐकू येत नाही, ते मूल डोळ्यांनी काम भागवते. आई आली हे ते पाहते. ओठ आणि हातवारे पाहून समजून घेते. ज्याला कमी दिसतेही, त्याला हा आधार नसतो. म्हणून त्याला उरलेले ऐकणे फार मोलाचे. अशा बहुतेक मुलांचे ऐकणे पुरते गेलेले नसते. थोडे उरलेले असते.

यंत्र कान बरा करीत नाही. ते आवाज मोठा करून कानात सोडते. तेवढ्यानेही मुलाला पुष्कळ कळते. आई जवळ आली, दार वाजले, गाडी आली, हे कळते. भीती कमी होते. डॉक्टरांनी दोन्ही कानांना यंत्र सांगितले असेल, तर दोन्ही लावा. आवाज कोणत्या बाजूने आला, हे दोन कानांनीच नीट कळते.

उशीर करू नका

पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल आवाज ओळखायला शिकते. वापसा गेल्यावर पेरणी साधत नाही, तसेच हे आहे. मूल एक महिन्याचे होण्याआधी कान तपासावे. तीन महिन्यांच्या आत दोष पक्का कळावा. सहा महिन्यांच्या आत यंत्र लागावे. ही मुदत टळली असेल, तरी आजच जा. अजून थांबू नका.

घरी थाळी वाजवून परीक्षा घेऊ नका. मूल हादऱ्यानेही दचकते. खरी तपासणी दवाखान्यातच होते. आशाताईंना विचारा. सरकारचे तपासणी पथक अंगणवाडीत व शाळेत येते. ते पुढे जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवते. कान आणि डोळे, दोन्ही तपासायला सांगा.

सवय कशी लावावी?

कमी दिसणाऱ्या मुलाच्या कानात एकदम यंत्र घातले, तर ते घाबरते आणि ओढून फेकते. म्हणून आधी यंत्र त्याच्या हातात द्या. मग कानाला हलकेच बोट लावा. मग यंत्र घाला. रोज याच क्रमाने करा.

प्रथम शांत खोलीत थोडा वेळ लावा. हळूहळू वेळ वाढवा. पुढे मूल जागे असेपर्यंत यंत्र कानात असावे. टीव्ही बंद करा. मुलाच्या जवळ बसून बोला. ओरडू नका.

नुसता आवाज पुरत नाही. आवाजाची वस्तू मुलाच्या हाताला लागली पाहिजे. बैलाच्या गळ्यातली घंटी वाजवा आणि त्याचा हात घंटीवर ठेवा. पाणी ओतताना त्याचा हात धारेखाली धरा. आईने हातात रोज एकच बांगडी ठेवावी. बांगडी चाचपली, आवाज ऐकला, की “माय आली” हे मूल ओळखते.

यंत्राची निगा

१. यंत्र शिटी मारते का? कानातला साचा सैल झाला असेल. मूल वाढते, तसा साचा बदलावा लागतो.

२. आंघोळीआधी यंत्र काढा. पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवा.

३. रोज सकाळी बॅटरी तपासा. बॅटरी संपली की यंत्र म्हणजे कानातला बोळा.

४. बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली, तर दोन तासांतच अन्ननळी भाजू शकते. उलटी काढू नका. लगेच दवाखान्यात न्या.

शाळेत आणखी एक यंत्र उपयोगी पडते. गुरुजी छोटा माईक लावतात. त्यांचा आवाज गलक्यातूनही थेट मुलाच्या कानात जातो. पण मूल चालत-फिरत असताना यंत्राला भोवतालचा आवाजही ऐकू आला पाहिजे. नाहीतर मागून आलेली गाडी त्याला कळणार नाही. ही गोष्ट गुरुजींना सांगा.

यंत्राने भागले नाही तर?

काही मुलांना कानाच्या आत शस्त्रक्रियेने यंत्र बसवतात. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना यासाठी मदत मिळते. २०१६ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऐकणे व दिसणे, दोन्ही कमी असणाऱ्यांची नोंद आहे. म्हणून दाखला काढून घ्या.

अमेरिकेतील हेलन केलर या बाईंची दृष्टी आणि श्रवण, दोन्ही दीड वर्षाच्या वयात गेली. त्या काळी असे यंत्र नव्हते. १८८७ साली बाईंना शिक्षिका मिळाली. ती त्यांच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी अक्षरे सांगे. त्या शिकल्या, पुस्तके लिहिली आणि १९५५ साली भारतातही आल्या. मुंबईत १९७७ साली त्यांच्या नावाने अशा मुलांची शाळा निघाली. कान चालोत न चालोत, शिकण्याची वाट बंद होत नाही.

दोष टळतो का?

काही वेळा टळतो. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला, तर बाळाचे कान, डोळे आणि हृदय बिघडू शकते. हा शाप नव्हे, रोग आहे. त्याची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिली नवव्या महिन्यानंतर, दुसरी दीड वर्षाच्या सुमारास. दोन्ही द्या.

प्रश्न

१. आजीला तुम्ही काय उत्तर द्याल?

२. यंत्र घालण्याआधी काय करावे?

३. तुमच्या गावात कोणाचे यंत्र पेटीत पडून आहे का? त्या घरी हा धडा वाचून दाखवा.