पूल आल्यावर पाहू

इंग्रजी बोलू लागलेल्या विद्यार्थ्याला जे वाक्प्रचार लवकर आवडतात, त्यांपैकी एक म्हणजे ‘वुई विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वुई कम टू इट’. पुढची अडचण प्रत्यक्ष समोर आल्यावर तिचा विचार करू, हा त्याचा अर्थ. अमेरिकन कवी लाँगफेलो याच्या ‘द गोल्डन लेजंड’ या १८५१ सालच्या नाट्यकाव्यात याच अर्थाची म्हण येते, आणि ती जुनी असल्याचे तेथेच म्हटले आहे.

हा वाक्प्रचार योजताना आपली एक चूक हटकून होते. मराठीत आपण ‘पूल येईल तेव्हा पाहू’ असे भविष्यकाळी म्हणतो. त्या सवयीने ‘व्हेन वुई विल कम’ असे बोलून जातो. इंग्रजीत अशा कालदर्शक उपवाक्यात वर्तमानकाळच लागतो. शिवाय मराठीत पूल येतो, इंग्रजीत आपण पुलापाशी येतो. म्हणून शेवटचे ‘टू इट’ गाळून चालत नाही.

परंतु व्याकरणाच्या चुकीपेक्षा अर्थाची चूक महाग पडते. मी प्रथम वर्षाला असताना वडिलांनी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला काढून ठेवायला सांगितले. मी ऐटीत हेच वाक्य त्यांना ऐकवले. मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा कचेरीत गेलो. दाखला हाती आला तो मुदत टळून गेल्यावर. त्या वर्षीची फी वडिलांनी उसनवारी करून भरली. मला मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत.

तेव्हा ध्यानात आले की, या वाक्प्रचाराची जागा आपल्या दोन म्हणींच्या मधोमध आहे. ‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी’ अशी अवस्था असेल तेथे तो शोभतो. पेपर देऊन झाल्यावर निकालाच्या काळजीने झोप उडालेल्या मित्राला तो जरूर ऐकवावा. पण तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याने त्याचा आधार घेऊ नये.

कसोटी सोपी आहे. त्या अडचणीसंबंधी आज आपल्या हातून काही होण्यासारखे आहे का? नसेल, तर पूल येईपर्यंत स्वस्थ चालावे. असेल, तर ते आजच उरकावे. हा वाक्प्रचार चिंता पुढे ढकलायला सांगतो, काम नव्हे.