थंडीतलं शिवार काय शिकवतं?
(गटाच्या बैठकीत वाचण्यासाठी या महिन्याचा धडा)



या पानावर आपण दर महिन्याला गटाच्या कामाचा एक विषय घेतो. कधी लेखे, कधी कर्जाची परतफेड, कधी एखादी योजना. या महिन्यात विषय मनाचा आहे. तो घ्यावासा वाटला, कारण थंडी सुरू झाल्यापासून बैठकांची हजेरी कमी झाली आहे. विचारलं की उत्तर येतं, "लई थंडी हाय ताई, घराबाहेर निघावं वाटत नाही." पण दोन घोट चहा पोटात गेला की खरं कारण बाहेर येतं. यंदा सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला. शेंगा झाडावरच काळ्या पडल्या, काहींच्या उभ्या पिकात पाणी थांबलं. हातात पैसा आला नाही. मग बचत कशी भरायची, हप्ता कुठून द्यायचा आणि चारचौघींना तोंड कसं दाखवायचं? म्हणून पाय घरातच अडकतो.

अशाच एका बैठकीत मी म्हणाले, "जरा शिवारात जाऊन बसा, मनाला बरं वाटतं." तेव्हा एक ताई पटकन बोलल्या, "ज्या पावसानं माझं रान नासवलं, त्याच निसर्गाकडं बघून मला धीर येईल का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. या धड्यात आपण त्याचंच उत्तर शोधणार आहोत. निसर्ग नेहमी मायाळूच असतो, असं मी म्हणणार नाही. तो देतो तसा नेतोही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरीही आपल्या आई-आजीनं कठीण हिवाळे काढले ते याच शिवाराकडे बघत. त्यांना तिथं काय दिसत होतं, ते बघू.

पाठ पहिला : ज्वारी आणि पोटातली ओल

आत्ता रानात उभी असलेली ज्वारी बघा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती पेरली. त्यानंतर तिला मोठा पाऊस नाही, बऱ्याच रानांत एक पाणीही मिळत नाही. तरी ती डोक्यावर कणीस घेऊन उभी आहे. कशाच्या जिवावर? काळ्या मातीनं पावसाळ्यात जी ओल पोटात धरून ठेवली, तिच्या जिवावर. ज्वारीचं मूळ चार-पाच फुटांपर्यंत खाली जातं आणि वरची माती वाळत गेली तसं खालची ओल शोधत राहतं. म्हणजे ज्या पावसानं वरचं सोयाबीन कुजवलं, त्याचंच पाणी खाली मुरून आज ज्वारीला आणि हरभऱ्याला जगवतं आहे. (ज्यांची जमीनच खरडून गेली त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.)

आता यातली दुसरी गोष्ट. काळी माती वाळली की भेगाळते. भेग पडली की आतली ओल उडून जाते आणि मुळंही तुटतात. म्हणून आपण कोळपणी करतो. कोळपं फिरलं की भेगा बुजतात, वर भुसभुशीत मातीचा थर होतो आणि ओल आतच राहते. जुनी माणसं म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. कोळपणीनं पाण्याचा एक थेंबही नवा येत नाही. आहे तेवढा वाचतो.

आपला गट तसाच आहे. चांगल्या दिवसांत टाकलेली बचत म्हणजे मुरलेली ओल. आणि बैठक म्हणजे कोळपणी. बैठकीला गेल्यानं लगेच पैसा मिळेल असं नाही, पण मनाला पडलेली भेग बुजते. घरात एकटं बसलं की ती रुंदावत जाते. म्हणून यंदा एक गोष्ट पक्की करूया : बचत नसेल तरी बैठकीला यायचं. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे, ही आपली पंचसूत्री. तिच्यात पहिलं नाव बैठकीचं आहे. एखादीची या महिन्याची बचत चुकली किंवा हप्ता पुढे ढकलायचा असेल, तर सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यायचा आणि तो ठराव म्हणून वहीत लिहायचा. लपवलेली अडचण वाढत जाते. सांगितलेली अडचण दहाजणींची होते.

पाठ दुसरा : हरभऱ्याचा शेंडा

हरभरा महिनाभराचा झाला की आपण त्याचे शेंडे खुडतो. भाजी होते, उरलेली वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतो. खुडल्यावर रोप थांबत नाही. वर जायची वाट बंद झाली की ते बाजूनं फुटतं, फांद्या वाढतात आणि जितक्या फांद्या तितके घाटे.

आपल्याकडेही असं घडतं. दुकानाला सोयाबीन घालून पैसे मिळाले नाहीत, तेव्हा आपल्याच भागातल्या काही तायांनी वाळवलेली हरभऱ्याची भाजी, हुरडा, बाजरीचं पीठ आणि पॉलिश न केलेले तीळ विकून घरखर्च काढला. मोठी कमाई नव्हे, पण बाजूनं फुटलेली फांदी होती.

पण हा पाठ अर्धाच सांगितला तर चुकीचा होईल. खुडणी वेळेत केली तरच फायद्याची असते. फुलं लागल्यावर खुडलं तर नुकसान होतं. आणि रोप मुळासकट उपटलं तर त्याला फांद्या कुठून येणार? काही घरांचं यंदा तसंच झालं आहे. जमीन वाहून गेली, जनावरं गेली, कुणाच्या घरातलं माणूस गेलं. अशा ताईसमोर "दुःखानं माणूस मजबूत होतं" असं बोलू नका. तिला त्या घडीला धडा नको असतो, कुणीतरी हात धरायला हवं असतं. दोन पायली ज्वारी घेऊन जा, तिच्या लेकराला शाळेत सोडा, तलाठ्याकडे पंचनाम्याची चौकशी करायला तिच्यासोबत जा. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी आहे, तो अशाच घरांसाठी असतो. तिचं नाव तिच्याऐवजी गटानं सुचवावं, म्हणजे तिला मागायची लाज वाटणार नाही.

पाठ तिसरा : थंडी कामाची असते

थंडी आपल्याला बोचते. रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला जाणाऱ्यांना तर ती हाडात शिरते. पण गव्हाकडे बघा. थंडी पडली तर त्याला फुटवे जास्त येतात. गरम राहिलं तर गहू घाईनं ओंबीवर येतो आणि दाणा बारीक राहतो. हरभऱ्यालाही हीच थंड हवा मानवते. वरून सगळं गप्प, गारठलेलं दिसतं, पण आत काम चालू असतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वर्षातला सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असतो. आपल्याकडे तेव्हा उजेड सुमारे ११ तासच असतो. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवस वाढायला लागतो. पण थंडी लगेच हटते का? नाही. जानेवारीतही चांगलीच हुडहुडी भरते. म्हणजे सूर्य परत फिरलेला असतो, पण आपल्या अंगाला ते उशिरा कळतं. म्हणूनच म्हातारी माणसं म्हणतात, संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो. तिळाएवढी वाढ डोळ्यांना दिसत नाही. महिन्यानं मागे वळून पाहिलं की कळतं.

कर्जाचंही तसंच असतं. पहिले दोन हप्ते फेडले तरी ओझं तेवढंच वाटतं. म्हणून पासबुकात दर महिन्याला "किती राहिलं" याच्या शेजारी "किती फेडलं" हेही वाचून दाखवायला सचिव ताईंना सांगा.

येळवस : पीक घरात येण्याआधीचा सण

लातूर-धाराशिवकडच्या आणि शेजारच्या कर्नाटकातल्या बायकांना येळवस सांगायला नको. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे ऐन थंडीत, आपण शिवारात जातो. कडब्याची खोप करतो, पाच पांडव मांडून पूजा करतो, पिकात आंबील शिंपडतो. भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी, खीर असं वनभोजन असतं. ज्याला रान नाही त्यालाही बोलावून जेवू घालतो.

ही अमावस्या नेमकी कधी येते, याचा विचार केलाय का? तेव्हा ज्वारी काढलेली नसते, गहू हिरवा असतो, हरभरा अजून भरायचा असतो. घरात काहीच आलेलं नसतं. पुढे गारपीट होईल की नाही, भाव मिळेल की नाही, काही माहीत नसतं. तरी आपल्या पूर्वजांनी रानाचे आभार मानायला आणि चार माणसांना जेवू घालायला हा दिवस निवडला.

मला वाटतं, त्या ताईच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. श्रद्धा म्हणजे "सगळं चांगलंच होईल" अशी खात्री नव्हे. तशी खात्री निसर्ग कुणालाच देत नाही. पुढचं माहीत नसतानाही आजचं काम करायचं, आजची भाकरी वाटून खायची आणि शेजारणीला सोबत घ्यायचं, याला श्रद्धा म्हणतात. आपल्या गटांत कुणी विठ्ठलाला हात जोडते, कुणी बुद्धवंदना घेते, कुणी नमाज पढते. ज्याचं त्याचं दैवत ज्याच्या त्याच्यापाशी. पण दव पडलेलं रान सगळ्यांचं एकच आहे.

बहिणाबाई चौधरी आठवा. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत वैधव्य आलं, तीन लेकरं पदरात. शेतात आणि घरात राबताना जे डोळ्यांना दिसलं, पेरणी, मोट, सुगरणीचा खोपा, तेच त्यांनी गाण्यात बांधलं. त्या गेल्यावर १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकात आली. दुःख संपलं मग त्यांनी गाणी केली असं नाही. दुःख होतं तेव्हाच त्यांची नजर झाडावरच्या खोप्याकडे गेली. ती नजर आपणही ठेवू शकतो.

महिनाभर करायचा सराव

१. दर बैठकीला प्रत्येकीनं आठवड्यात रानात, रस्त्यात किंवा परसात बघितलेली एक गोष्ट सांगायची. हरभऱ्यावरची आंब, लगडलेली बोर, पानं गळालेला पण फाल्गुनात फुलणारा पळस, काहीही चालेल. शेत असण्याची गरज नाही. मजुरीला जाणाऱ्या ताईलाही वाटेत सूर्य उगवताना दिसतोच.

२. ऊसतोडीला गेलेल्या सदस्यांना महिन्यातून एकदा बैठकीतूनच फोन लावायचा. फडावरच्या कोपीत थंडी जास्त आणि ओळखीची माणसं कमी असतात. त्यांचं नाव वहीत आहे तसं मनातही आहे, हे त्यांना कळू द्या.

३. सलग दोन बैठका न आलेल्या सदस्येच्या घरी दोघींनी जायचं. हप्त्याचा विषय पहिल्या भेटीत काढायचा नाही.

४. घरातली म्हातारी माणसं आणि लहान लेकरं रात्री उबेत आहेत ना, हे बघायचं. कुणाकडे जादा वाकळ असेल तर ती पेटीत ठेवू नका, द्या.

चर्चेसाठी प्रश्न

• आपल्या गटाची "मुरलेली ओल" कोणती? पैसा सोडून आणखी काय साठलं आहे?
• याआधीचा सगळ्यात कठीण हिवाळा कोणता होता? तेव्हा कुणी आधार दिला?
• या महिन्यात आपण कुणाच्या घरी जाणार? तिचं नाव ठरवूनच बैठक संपवा.

एक शेवटची गोष्ट. एखाद्या ताईला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, "जगून काय करू" असे विचार येत असतील, तर रानात बसून ते बरं होईल असं समजू नका. तिला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र चालू असतो, बोलायला पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आशाताईंना कळवा, दवाखान्यात सोबत जा. हा क्रमांक आजच गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

ज्वारी अजून रानात आहे. काढणीपर्यंत चार-पाच बैठका होतील. या बैठकीला शेजारणीला हाक मारूनच निघा.

आपली,
क्षेत्र समन्वयक