मणक्याचं दुखणं आणि सीबीडीची बाटली

मावशी: मणक्यातल्या गॅपने जीव नकोसा झालाय गं. भिशीतल्या मैत्रिणीने ही बाटली दिली. नशा तर येणार नाही ना?

अनघा: बघू. हे 'हेम्प सीड ऑइल' आहे, भांगेच्या बियांचं तेल. त्यात सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, जवळजवळ नसतंच. आणि सीबीडीने नशा होत नाही; नशा करतं ते त्याच झाडातलं टीएचसी.

मावशी: मग खरं सीबीडी कुठे मिळतं?

अनघा: १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, नुसती पानं त्यात येत नाहीत. म्हणून पानांचा अर्क 'विजया' या नावाने आयुर्वेदिक औषध म्हणून विकला जातो. पण त्यात टीएचसीही असू शकतं.

मावशी: दुखणं थांबतं का, ते सांग.

अनघा: ऑस्ट्रेलियात कंबर अचानक धरलेल्या १०० जणांवर चाचणी झाली, २०२१ साली निष्कर्ष आले. काहींना ४०० मिलिग्रॅम सीबीडी, बाकीच्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं तेल. दोन तासांनी दोघांचं दुखणं सारखंच. जुनाट दुखण्यासाठीही ब्रिटनची 'नाइस' ही संस्था सांगते, संशोधनाबाहेर सीबीडी देऊ नका.

मावशी: पण मैत्रिणीला फरक पडला की!

अनघा: पडलाही असेल, तिला मी खोटं म्हणत नाही. पण कंबरदुखी आपली आपणही कमी-जास्त होते. माणूस बाटली घेतो ती दुखणं अगदी असह्य झाल्यावर, आणि त्यानंतर बऱ्याचदा ते उतरणारच असतं. श्रेय जातं तेलाला. दुखणाऱ्या माणसाची ही घायकुती विकणारे बरोबर ओळखतात, याची मला फार चीड येते. अमेरिकेत २०१७ साली ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तर लेबलवरचं प्रमाण जेमतेम २६मध्ये बरोबर निघालं.

मावशी: घेऊन बघितलं तर बिघडेल काय?

अनघा: तुझं बिघडू शकतं. तू रक्त पातळ करायला वॉर्फरिन घेतेस ना? यकृतातली जी एन्झाइम्स वॉर्फरिनचा निचरा करतात, त्यांनाच सीबीडी अडवतं. गोळी तेवढीच, पण रक्तातलं प्रमाण वाढतं आणि रक्तस्रावाचा धोका होतो. डॉक्टरांना न विचारता एक थेंबही नको.

मावशी: मग मी करू काय?

अनघा: चालणं आणि फिजिओथेरपीचे व्यायाम सोडू नकोस. आणि पायातली ताकद गेली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर तेलबिल शोधत बसू नकोस. लगेच रुग्णालय गाठ.