यंत्रालाही उजळणी लागते!



वजाबाकी नवीन शिकवली की काही मुलं बेरजेच्या गणितातही वजाबाकीच करून ठेवतात, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. मशीन लर्निंगमध्येही असंच घडतं, पण त्याहून कितीतरी वाईट.

यंत्र शिकतं कसं?

यंत्राला नियम सांगत नाहीत, उदाहरणं दाखवतात. त्याच्या आत आकड्यांचं मोठं जाळं असतं. त्याला न्यूरल नेटवर्क म्हणतात. उत्तर चुकलं की हे आकडे थोडे थोडे बदलले जातात. असं पुन्हा पुन्हा केल्यावर उत्तरं बरोबर येऊ लागतात. म्हणजे यंत्र जे काही शिकलं, ते सगळं या आकड्यांतच असतं.

मग विसरतं का?

१९८९ मध्ये मॅक्लॉस्की आणि कोहेन या संशोधकांनी अगदी पहिलीच्या वर्गातला वाटावा असा प्रयोग केला. जाळ्याला आधी १ च्या बेरजा शिकवल्या. त्या पक्क्या झाल्यावर फक्त २ च्या बेरजा दिल्या. २ च्या बेरजा येऊ लागल्या, पण १ च्या बेरजांची उत्तरं पार बिघडली! कारण दोन्ही धडे त्याच आकड्यांत साठतात. नव्यासाठी ते बदलले, की जुनं पुसलं जातं. पाटी एकच, धडे दोन.

यावर उपाय काय?

१. उजळणी : नव्या उदाहरणांत काही निवडक जुनी उदाहरणं मिसळतात.

२. महत्त्वाचं जपणं : जुन्या कामासाठी कोणते आकडे जास्त गरजेचे आहेत ते शोधून ते फारसे बदलू देत नाहीत. डीपमाइंडच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेली पद्धत अशीच आहे.

३. नवी जागा : जुना भाग तसाच ठेवून नव्या कामासाठी जाळ्यात नवा भाग जोडतात.

प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते. जुनी उदाहरणं साठवायला जागा लागते, भाग जोडत गेलं की जाळं वाढतं, आणि जुनं फारच घट्ट धरलं तर नवं शिकताच येत नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवता येतं, पण मोठ्या यंत्रांसाठी त्याला वेळ आणि वीज भरपूर लागते. म्हणून हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही.

आपण काय घ्यायचं?

मूल म्हणजे यंत्र नव्हे. विसरलेलं मुलाला थोड्याशा आठवणीने परत येतं. तरीही सरावाचा कागद करताना दहापैकी तीन गणितं मागच्या घटकांची जरूर घाला. आणि एखादं ॲप ‘सतत नवीन शिकतं’ असं कोणी सांगितलं, तर एक प्रश्न नक्की विचारा : नवीन शिकल्यावर जुन्याची परीक्षा पुन्हा घेतली का?