पासवर्ड विसरलेला लॅपटॉप : स्क्रू उघडण्यापूर्वी

लॅमिंग्टन रोडचे सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे; पण व्यापारात अजून जुनेच नाव चालते. या रस्त्यावर आणि आसपासच्या गल्ल्यांत जुन्या लॅपटॉपची खरेदी-विक्री व दुरुस्ती यांवर अनेकांची रोजी चालते. आपले बांधवही त्यात आहेत. या धंद्यात हमखास येणारे एक दुखणे म्हणजे बायोसचा पासवर्ड. लॅपटॉप चालू केला की विंडोज येण्यापूर्वीच पडद्यावर चौकट येते, पासवर्ड मागते आणि तिथेच अडून बसते. गिऱ्हाईक म्हणते, "विसरलो." कारागिराचा हात लगेच स्क्रूड्रायव्हरकडे जातो. तो हात थोडा थांबावा म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

विंडोजचा पासवर्ड आणि हा पासवर्ड यांत घोटाळा करू नये. विंडोज हार्ड डिस्कवर असते. ते नव्याने टाकता येते. बायोस, ज्याला फर्मवेअरही म्हणतात, तो मदरबोर्डवरील चिपमध्ये कायमचा बसविलेला प्रोग्रॅम असतो. यंत्राला जाग येते ती त्याच्यामुळे. त्याचे कुलूपही एक नसून तीन प्रकारचे आहे. पहिले कुलूप यंत्र सुरू होऊ देत नाही. दुसरे सुपरवायझरचे, यंत्र चालते, पण बायोसमधील मांडणी बदलता येत नाही. तिसरे खुद्द हार्ड डिस्कचे. आपल्यापुढे यांपैकी कोणते आहे हे ओळखल्याशिवाय गिऱ्हाइकाला भाव सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

सर्वांत मोठा गैरसमज बटण सेलचा. जुन्या डेस्कटॉपमध्ये ही युक्ती खरी होती. तिथे पासवर्ड सीमॉस नावाच्या स्मृतीत असे आणि ती स्मृती सीआर 2032 या तीन व्होल्टच्या सेलवर जगत असे. सेल काढला, थोडा वेळ थांबले किंवा बोर्डवरील जंपर हलविला की पासवर्ड पुसला जाई. लॅपटॉप बनविणाऱ्यांना चोरीची भीती अधिक, कारण वस्तू पिशवीत मावते. म्हणून धंद्यासाठीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सुपरवायझरचा पासवर्ड आठ पायांच्या एका छोट्या चिपमध्ये ठेवला गेला. या चिपला वीज लागत नाही. सेल महिनाभर बाहेर ठेवला तरी तिला काही फरक पडत नाही. जुन्या थिंकपॅडमध्ये तर सेल काढल्याने काम आणखी बिघडू शकते. तारीख-वेळ पुसली जाते, ती पुन्हा भरायला यंत्र बायोसमध्ये जायला सांगते आणि बायोसच्या दारात सुपरवायझरचा पासवर्ड मागते. म्हणजे आले तेव्हा निदान चालणारे यंत्र आपल्या हातून बंद पडले! थिंकपॅडच्या दुरुस्ती-पुस्तिकेतच लिहिलेले आहे की सुरू करण्याचा साधा पासवर्ड सेल काढून घालविता येतो, पण सुपरवायझरचा विसरल्यास मदरबोर्ड बदलण्याखेरीज अधिकृत उपाय नाही.

चिपचे पाय सुईने जोडण्याचा प्रकारही बाजारात चालतो. आम्ही त्याची शिफारस करणार नाही. त्याच चिपमध्ये यंत्राचा अनुक्रमांक व इतर नोंदी असतात. त्या गेल्या की बोर्ड दर वेळी चूक दाखवीत राहतो, कधी कायमचा मरतो. ज्यांच्याकडे प्रोग्रॅमर आहे व हात बसलेला आहे, त्यांनीही चिपमधील मजकुराची प्रत आधी काढून ठेवावी, मगच पुढे जावे. नव्या यंत्रांत तर हा मार्गही बहुधा बंद झालेला आहे.

पुष्कळदा सरळ रस्ता स्वस्त पडतो, पण तो कोणी धरत नाही. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये पासवर्डच्या चौकटीपाशी सर्व्हिस टॅग व त्यापुढे काही अक्षरे दिसतात. मालकीचा पुरावा दाखविल्यास कंपनीकडून सोडवणूक मिळू शकते. यंत्र एका हातातून दुसऱ्या हातात गेले असेल तर मालकी बदलल्याची नोंद कंपनीकडे करून घेण्याचीही सोय आहे. इंटेल प्रोसेसरच्या ॲपल यंत्रांचा फर्मवेअर पासवर्ड विसरल्यास यंत्र व मूळ बिल घेऊन अधिकृत केंद्रात जावे लागते. सगळीकडे गाडी बिलापाशीच येते.

हार्ड डिस्कच्या कुलपाचे मात्र गिऱ्हाइकाला आधीच स्पष्ट सांगावे. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी ते कुलूप तिच्याबरोबरच जाते. अशा डिस्कवर एखाद्या दुकानदाराची दहा वर्षांची टॅलीची खाती असतील तर "काढून देतो" असे वचन देऊ नये. तसेच विंडोजचे बिटलॉकर चालू असेल आणि मदरबोर्ड बदलला, तर यंत्र 48 अंकी चावी मागते. ती चावी गिऱ्हाइकाकडे आहे की नाही हे बोर्ड बदलण्याच्या आधी विचारावे. नंतर विचारून उपयोग नाही.

आता मालकीचा प्रश्न. परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या. अशा कचेऱ्यांतील जुने लॅपटॉप लॉटमध्ये विकले जातात तेव्हा त्यांवर कचेरीच्या संगणक विभागाचा पासवर्ड असू शकतो. तो कोणी विसरलेला नसतो. घेणाऱ्याला तो कधी ठाऊकच नसतो. लॉट उचलण्यापूर्वी पासवर्ड काढून देण्याची अट घालावी आणि बिलावर प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. कचेरीत बसून पाच मिनिटांत होणारे हे काम दुकानात आणल्यावर मदरबोर्डच्या किमतीला पडते.

बिल नाही, कचेरीचे लेबल खरवडलेले आहे, वर पासवर्ड आहे, असा माल चोर बाजारात स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 प्रमाणे माल चोरीचा असल्याचे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून, तो अप्रामाणिकपणे घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 ब चोरीच्या संगणकाबद्दल तेच सांगते. दंड एक लाखापर्यंत. खरवडलेले लेबल हे "मानण्यास कारण" ठरू शकते, हे कारागिराने ध्यानात ठेवावे. आणि कुलूप असलेले यंत्र "थोडे सेटिंगचे काम आहे" म्हणून विकणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू : प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढला, तो प्रसंग आपण ऐकलेला नाही काय?

दुरुस्तीला आलेले यंत्र ही अमानत आहे, आतील हिशेब व घरातील फोटोंसकट. पावतीवर मालकाचे नाव, अनुक्रमांक, मूळ बिल पाहिल्याची नोंद, कोणते कुलूप होते आणि डिस्कमधील माहिती जाण्याचा धोका सांगितल्याची सही घ्यावी. नुसते तपासण्याचे पैसे वेगळे ठरवावेत, म्हणजे काम झाले नाही तरी वाद राहत नाही. कुलूप निघाल्यावर नवा पासवर्ड कारागिराने टाकू नये. यंत्र मालकापुढे ठेवावे, त्याने स्वतः टाकावा आणि खरेदीच्या बिलामागे लिहून घरी जपून ठेवावा. लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.