हापूसची कोय आणि हापूसचे झाड
प्रश्न : हापूसच्या कोयीपासून वाढवलेल्या झाडाला हापूसच का लागत नाही?

उत्तर : आंब्याच्या मोहोरात नरपुष्पे व उभयलिंगी पुष्पे एकत्र असतात, माश्यांसारखे कीटक परक्या झाडाचे परागही त्यांवर आणून टाकतात, आणि हापूसच्या कोयीतील एकुलता एक गर्भ पराग व बीजांड यांच्या मीलनातून जन्मत असल्यामुळे मातेचे गुण त्यात जसेच्या तसे उतरत नाहीत. केरळातील ओलूर जातीचा प्रकार निराळा आणि खरोखर विस्मयकारक आहे : तिच्या कोयीत अनेक गर्भ असून त्यांतील बहुतेक, परागाचा वारसा न घेता, मातृवृक्षाच्याच ऊतींपासून घडतात, म्हणून ती रोपे मातेशी हुबेहूब जुळतात. हापूसला निसर्गाने ही सवलत दिलेली नाही. तेव्हा खात्रीच्या रोपवाटिकेतून आपण कलमच आणावे.