घरगुती वेल्डिंग : वायर आणि एम.सी.बी.ची निवड

आय.टी.आय.मधून वेल्डर वा फिटर होऊन बाहेर पडलेली आपली काही मुले नोकरीची वाट पाहत न बसता घराच्या पडवीतच वेल्डिंग मशीन लावू लागली आहेत, ही समाधानाची बाब आहे. रत्नागिरी परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पावसाळी शेड, ग्रिल, गेट यांची कामे भरपूर निघतात. मात्र मशीन घेताना जेवढी चौकशी होते, तेवढी ते ज्या वायरवर चालणार त्या वायरची होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही तेवढाच विषय घेतला आहे.

एम.सी.बी. कोणाचे रक्षण करतो? बहुतेक जण मशीनचे असे सांगतील. वस्तुतः तो भिंतीतल्या वायरचे रक्षण करतो. तो वारंवार पडतो म्हणून १६ अँपिअरचा काढून ३२चा बसवला, असे प्रकार सर्रास होतात. मग एम.सी.बी. पडत नाही, पण पाइपातली वायर तापून तिचे आवरण वितळते. घर पेटते ते असे. तेव्हा आधी मशीनचा प्रवाह, त्यावरून वायर आणि वायरवरून एम.सी.बी., हाच क्रम ठेवावा.

‘२०० अँपिअरचे मशीन’ यातील २०० हा आकडा रॉडकडचा आहे, मीटरकडचा नव्हे. मीटरकडचा प्रवाह मशीनच्या पाटीवर ‘इनपुट’ म्हणून दिलेला असतो, तो पाहावा. अंदाजासाठी हिशेब करू. ३.१५ मि.मी.च्या रॉडला सुमारे १२० अँपिअर आणि २५ व्होल्ट लागतात, म्हणजे ३००० वॅट. साध्या इन्व्हर्टर मशीनमधील तूट आणि पॉवर फॅक्टर धरता हे सुमारे ५००० व्होल्ट-अँपिअर होतात. भागिले २३०, म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर. २.५ मि.मी.च्या रॉडला ८० अँपिअर धरले तर १४-१५ अँपिअर पुरतात. जुन्या ट्रान्स्फॉर्मर मशीनचे गणित वेगळे आहे. त्याचे ७५ व्होल्ट गुणिले १२० केले की ९०००, म्हणजे सुमारे ३९ अँपिअर! स्वस्तात मिळते म्हणून असे जुने मशीन घरच्या सिंगल फेजवर लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बारीक रॉडचेच काम असेल तर ४ चौ. मि.मी.ची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एम.सी.बी. ठेवावा. ३.१५चा रॉड वापरायचा असल्यास ६ चौ. मि.मी. वायर, ३२ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एम.सी.बी. आणि तेवढ्याच क्षमतेचा इंडस्ट्रियल सॉकेट हवा. ‘सी’ प्रकार नेमक्या प्रवाहाच्या पाच ते दहा पटींवर तत्काळ तुटतो, त्यामुळे मशीन चालू करतानाच्या झटक्याने सहसा पडत नाही. ही लाइन मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र आणावी. दिवे-पंख्यांच्या १.५ चौ. मि.मी. वायरवर मशीन चालवल्यास २० मीटर अंतरात २२ अँपिअरला दहा व्होल्टहून अधिक दाब घटतो. ६च्या वायरीत तो तीनपेक्षाही कमी घटतो. रॉड चिकटतो तो पुष्कळदा यामुळेच, पण दोष रॉडला दिला जातो. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळी करून ठेवू नये, पूर्ण उलगडावी.

आता अर्थिंग. आपल्याकडची जांभ्याची जमीन पावसात ओली असते, पण मे महिन्यात, म्हणजे नेमकी कामाच्या दिवसांत, कोरडी ठणठणीत होते. त्यामुळे खड्ड्यात अडीच मीटरचा पाइप, कोळसा व मीठ घालून उन्हाळ्यात नियमित पाणी ओतावे. खाऱ्या हवेने क्लॅम्प गंजतो, तोही दरवर्षी पाहावा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. अवश्य बसवावा. परंतु तो होल्डरकडचा शॉक ओळखत नाही, कारण ती बाजू मीटरकडच्या लाइनपासून विलग असते. घामेजलेल्या हाताला ७० व्होल्टही जीवघेणे ठरू शकतात. कोरडे हातमोजे आणि पायाखाली कोरडी फळी यांना पर्याय नाही.

राहिला मीटर. वीज बिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो कमी असल्यास महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करावा. पैसे घेऊन काम करायचे तर घरगुती जोडणी चालेल की नाही, हे आधी महावितरणकडे विचारून घ्यावे. चालत नसताना ती वापरल्यास विद्युत अधिनियम २००३च्या कलम १२६खाली तो अनधिकृत वापर ठरून वाढीव आकारणी होऊ शकते. वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यावे व त्याचा चाचणी अहवाल अर्जासाठी जपून ठेवावा.